हिरव्या अक्रोडांचा न केलेला मुरंबा

आमच्या गावात बाईची परीक्षा तिच्या हातांवरून होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जिचे हात काळे नाहीत ती एक तर आजारी, नाहीतर आळशी, नाहीतर शहरातून आलेली पाहुणी. अक्रोडाची हिरवी साल सोलली की तिचा रस कातडीत असा मुरतो की साबण, लिंबू, राख, आलुबुखाराची दारू, सगळ्यांनी त्याच्यापुढे हात टेकले. तो जातो तो आपल्या मर्जीनं. डिसेंबरात संत निकोलाचा सण येईपर्यंत बोटं हळूहळू माणसांत येतात. तोवर त्याच काळ्या हातांनी लग्नं लागतात, त्याच हातांनी बायका चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात. रबरी हातमोजे मिळत नाहीत अशातला भाग नाही. पण हातमोजे घालून अक्रोड सोलणारीला आमच्याकडे काय म्हणतात ते इथं सांगण्यासारखं नाही.

तुदोसियाचे हात गावात सगळ्यांत काळे. बाई अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. गावाच्या टोकाला, निस्त्रू नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर अक्रोड फोडायची शेड आहे, तिथं ती बावीस वर्षं बसते आहे. डाव्या हाताच्या चिमटीत अक्रोड उभा धरायचा आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीनं शिवणीवर एकच ठोका द्यायचा. आतला गर न तुटता दोन्ही पंखांसकट अख्खा निघाला तर त्याला आम्ही फुलपाखरू म्हणतो, आणि मान असतो तो फुलपाखरांनाच. बाकीच्या बायका दहातली सहा फुलपाखरं काढतात, तुदोसिया नऊ. दहावं तुटलं की ती ते तोंडात टाकते. म्हणते, पुरावा ठेवायचा नाही.

तिचा नवरा पांतेलेइ सहा वर्षांपूर्वी गेला. एकुलती एक मुलगी स्नेझाना इटलीत, पादोव्हाला असते. तिथं बेप्पी नावाच्या एका म्हाताऱ्याला सांभाळते, त्याला न्हाऊमाखू घालते, औषधं देते. गावातल्या निम्म्या मुली तिकडं कुणाच्या ना कुणाच्या आईबापांना सांभाळतायत, आणि इकडं त्यांचे स्वतःचे आईबाप फोनवर ‘आम्हाला काय धाड भरलीये’ म्हणून सांगतायत. आता याला हसावं की रडावं, मला कळत नाही.

तर त्या वर्षी डिसेंबरात तुदोसियाचे हात नेहमीसारखे निवळले. नखं उजळली, बोटांच्या रेघा उजळल्या. फक्त उजव्या तळहातावर, अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर, मसुराएवढा एक काळपट डाग तेवढा राहिला. तिनं मनाशी हिशेब केला: हातोडीचा दांडा इथंच घासतो, इथं घट्टा पडलाय, घट्ट्यात रस जरा खोल मुरला असणार. तुम्हीआम्ही असतो तरी हेच म्हटलं असतं. आमच्याकडे हातावरच्या काळ्या डागाला दुसरं नावच नाही.

जानेवारीत तिनं तो वजरीनं घासला. फेब्रुवारीत लिंबू चोळलं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात कुंपणाकडेला आंबटचुका उगवला, त्याचा पाला ठेचून रोज बांधला. डाग होता तिथंच होता. उलट त्याची एक कड वेडीवाकडी होऊन मनगटाच्या दिशेनं सरकल्यासारखी वाटत होती. मग तुदोसियाला मूठ मिटून ठेवायची सवय लागली. बोलताना मूठ, चालताना मूठ, चर्चमध्ये मूठ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती झाकून ठेवणारीला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही, हे कुणी सांगत नाही.

मूठ उघडी पडली ती थडग्यांच्या सोमवारी. ईस्टरनंतरच्या त्या सोमवारी आम्ही सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांशी जमतो, तिथंच चादर अंथरून जेवतो आणि गेलेल्याच्या नावानं एकमेकांना दान देतो: गोल वळलेला पाव, त्यावर पेटती मेणबत्ती, खाली नवाकोरा टॉवेल. हे दान दोन्ही हातांनी द्यायचं असतं. तुदोसियानं ते दिलं एफिमियाला. एफिमिया म्हणजे तिची शेजारीण, शेडमध्ये शेजारच्याच ठोकळ्यावर बसणारी, आणि स्नेझानाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांत धरलेली धर्मआई. तुदोसियानं टॉवेलखाली हात लपवले होते. पण एफिमियानं टॉवेल ओढून घेतला आणि हात उघडे पडले.

“देव पांतेलेइला क्षमा करो,” एफिमिया म्हणाली आणि त्याच दमात विचारलं, “हे काय गं? अजून गेला नाही?”

“अक्रोडाचा आहे. घट्ट्यात बसलाय.”

“ईस्टर झाला की, बाई. माझे हात बघ, नवरीसारखे झालेत.”

“तू काम कुठं करतेस.”

एफिमिया हसली, पण हात सोडला नाही. आपल्या अंगठ्यानं डाग चोळून बघितला. “दुखतो?”

“नाही.”

“खाजतो?”

“नाही.”

“मग पडू दे की त्याला. आणि हे बघ, डॉक्टरबिक्टरकडं जाऊ नकोस. आमच्या इलारिओननं मानेवरचा तीळ कापून घेतला, चार महिन्यांत त्याला माती द्यावी लागली. तू त्याला हात लावू नको, तो तुला लावणार नाही. कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण.”

एफिमिया वाईट बाई नाही. ती जे बोलली ते आमच्या गावात दहातली नऊ माणसं बोलली असती, आणि दहावी तुदोसिया. कारण डॉक्टरची सुरी लागली की माणूस जातो, ही सुरीची गोष्ट गावात पसरवली होती तीच मुळी तुदोसियानं. पांतेलेइ चांगला कोट घालून, स्वतःच्या पायांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला. पोट उघडलं, बघितलं, परत शिवलं. तीन आठवड्यांनी तो पेटीतून घरी आला. दफनाच्या जेवणाला तुदोसिया प्रत्येकाला सांगत होती, “सुरी लागली, आत हवा गेली आणि दुखणं चवताळलं. नसता गेला तर आज इथं बसून जेवला असता.” लोक माना डोलवत होते. स्नेझाना पोचली ती माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी, कारण फोनवर तिला सांगितलं होतं की बाबांना जरा सर्दी झालीये. त्या दिवशी मुलगी थडग्यापाशी बसून एवढंच म्हणाली, “आई, पुन्हा माझ्यापासून काही लपवू नकोस.” आणि आईनं पांतेलेइच्या क्रुसावर हात ठेवून शब्द दिला होता. तोच उजवा हात.

मे महिना आला. डाग आता चांगला वाटाण्याएवढा झाला होता. जिल्ह्याला जाणारी बस सकाळी सहाला गावातून निघते, चौकातून जाताना हॉर्न देते. रोज हॉर्न वाजला की तुदोसिया मनात म्हणायची, उद्या. शेळीला पिल्लू होऊ दे, मग. बटाटे खुरपून होऊ देत, मग. एक दिवस वाफ्यात वाकलेली असताना तिच्या लक्षात आलं की आपण दिवस मोजतोय. जून, जुलै, ऑगस्ट, आणि मग सप्टेंबर. सप्टेंबरात अक्रोड उतरतील, सगळ्यांचे हात काळे होतील, आपलेही होतील. मग डाग कुणाला दिसणार नाही. आपल्यालाही नाही. हे सुचलं आणि तिला इतकं हायसं वाटलं की त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. पण भीती वाटली म्हणून माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्नेझानाचा फोन आला. “आई, गुरुवारी येतेय. बेप्पीकाकांचा मुलगा घरी आलाय, मला दहा दिवस सुट्टी.”

“ये की. कोंबडी कापते,” तुदोसिया म्हणाली. फोन ठेवला आणि मूठ उघडून बघितली.

आता बाईच्या अकलेला काय म्हणावं. बुधवारी दुपारी ती अंगणातल्या अक्रोडाखाली गेली. जूनमधला अक्रोड आतून अजून कच्चा असतो, टाचणी आरपार जाते. कवच धरायच्या आत आमच्याकडे त्याचा मुरंबा करतात, आणि मुरंब्यासाठी ते सोलतानाही हात काळे होतात. म्हणजे जूनमध्ये हात काळे असायला हरकत नाही, कारण तयार आहे. तिनं पाच-सहा हिरवे अक्रोड तोडले, दगडावर ठेचले आणि तो लगदा दोन्ही हातांना मेंदीसारखा थापला. आधी हिरवट पाणी दिसलं, मग पिवळं, आणि संध्याकाळपर्यंत हात कोळशासारखे. डाग गडप. तुदोसिया त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मूठ न वळता झोपली.

स्नेझाना आली. पस्तिशीची, बापासारखी उंच, बापासारखीच कमी बोलणारी. आईला मिठी मारली, मग हात हातात घेतले. “आत्तापासूनच काळे?”

“मुरंबा केला,” तुदोसिया म्हणाली.

“अरे वा. मग मला दोन बरण्या हव्यात. बेप्पीकाका मागच्या ईस्टरपासून विचारतायत, ते काळे काळे गोड कधी आणणार म्हणून.”

“तळघरात आहे. मुरू दे जरा.”

तीन दिवस बरे गेले. मायलेकींनी कोंबडीचं आंबट सार केलं, मक्याच्या पिठाची घट्ट ममलिगा केली, पांतेलेइच्या थडग्यावर फुलं लावली. तुदोसिया उघड्या हातांनी सगळीकडं फिरत होती. मुलगी निघायच्या दिवशी बरणीचं काय करायचं, हा प्रश्न होता. त्यावर ती म्हणणार होती, बुरशी आली, फेकून दिला.

रविवारी चर्चनंतर एफिमिया आली, दोन हातांत दोन बरण्या घेऊन. “घे गं पोरी. तुझ्या त्या म्हाताऱ्याला. आईनं तुझ्या यंदा मुरंबा केलाच नाही ना. मी विचारलं तर म्हणाली, सांधे धरलेत, सोलवत नाही.”

स्नेझानानं बरण्या घेतल्या, टेबलावर ठेवल्या. मग तिची नजर आईच्या हातांवर गेली. ते टेबलावरच होते, काळेभोर. एफिमियाचीही तिकडंच गेली.

“अगं, मग हात कशानं...” एफिमिया म्हणता म्हणता थांबली. तिला थडग्यांचा सोमवार आठवला असणार. तिचा चेहरा उतरला. “मी जाते. दूध चुलीवर आहे,” म्हणाली आणि बरण्यांवरची फडकी न घेताच गेली.

“आई,” स्नेझाना म्हणाली, “न केलेल्या मुरंब्यानं हात काळे होतात?”

तुदोसिया बरण्यांवरच्या फडक्यांच्या घड्या घालू लागली.

“काय झाकलंयस?”

“काही नाही गं. डाग आहे एक. अक्रोडाचाच.”

“अक्रोडाचा डाग झाकायला अक्रोड लावलास?”

हे ऐकून तुदोसियाला हसू आलं, आणि हसता हसताच तोंड वाकडं झालं. ती पदरानं, म्हणजे एप्रनच्या टोकानं, नाक पुसत म्हणाली, “डिसेंबरपासून आहे. जात नाही. वाढतोय. तू ओरडू नको.”

“मी ओरडत नाहीये.”

“दवाखान्यात मी जाणार नाही. तुझ्या बापाला सुरी लागली नसती तर...”

“बाबांचा पट्टा अजून खुंटीवर आहे,” स्नेझाना मध्येच म्हणाली. “माती दिल्यावर आले ना मी, तेव्हा बघितला होता. त्याला खिळ्यानं पाडलेली चार नवी भोकं होती. चार, आई. ती काय तीन आठवड्यांत पडली?”

तुदोसिया खिडकीबाहेर बघत राहिली. अंगणात शेळी दोरीला गुरफटली होती.

“कधीपासून दुखत होतं त्यांना?”

“आदल्या अक्रोडांपासून.”

“म्हणजे वर्षभर.”

“मला म्हणाला, कुणाला सांगू नको. मी पुदिन्याचा चहा करून देत होते. पट्टा सैल झाला की खिळा आणि हातोडी मागायचा. मीच द्यायची.” हे ती सहा वर्षांत पहिल्यांदा बोलली. बोलली आणि तिला कळलं की सुरीची गोष्ट आपण कशासाठी एवढी तळहातावरच्या फोडासारखी जपली. सुरीनं मारलं नसेल, तर मग त्या चहानं मारलं. आणि चहा करणारी ती होती.

स्नेझाना उठली. तिनं आईला बोल लावला नाही, जवळही घेतलं नाही. शेजारी येऊन बसली फक्त. म्हणाली, “दर शनिवारी मी बेप्पीकाकांना अंघोळ घालते. पाठ पुसून झाली की एकेक तीळ बघते. तिथल्या नर्सनं शिकवलंय, कुठला वाढतोय, कुठल्याची कड बदलतेय. त्यांच्या पाठीवर एकवीस तीळ आहेत, मला पाठ आहेत. परक्या माणसाची पाठ मला पाठ आहे, आणि माझ्या आईचा हात मला बघता येत नाही.”

तुदोसियानं हात टेबलावर उलटा केला आणि बोटं उघडली. काळ्या तळहातावर काही दिसत नव्हतं. “इथं,” तिनं डाव्या हाताच्या बोटानं दाखवलं. “इथं आहे.”

“उद्या बस सहाला आहे,” स्नेझाना म्हणाली. “मी तुला ओढत नेणार नाही. ओढून काम झालं असतं तर ओढलंही असतं. पण सही तुझीच लागेल, हातही तुझाच आहे. मी फाटकाशी उभी राहते.”

सोमवारी तुदोसिया चारलाच उठली. उजाडू लागलं होतं. कोंबड्यांना दाणे टाकले, शेळीचं दूध काढलं, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. एखादं काम निघावं, एखादी कोंबडी तरी लंगडावी, असं तिला मनापासून वाटत होतं. एक कोंबडी लंगडेना. साडेपाचला कुंपणाच्या फटीतून बघितलं तर मुलगी खांद्याला पिशवी अडकवून फाटकाशी उभी, घराकडं पाठ करून. हाक नाही, की मागं वळून बघणं नाही. अगदी बापाचा हट्ट.

ती घरात गेली. खुंटीवरचा पट्टा काढला. चार भोकं होती, शेवटचं सरळ पडलं नव्हतं, खिळा घसरला होता. ते पाडताना पांतेलेइचा हात कापत होता आणि ती चुलीकडं तोंड करून चहा ढवळत होती. तिला आठवलं की त्या दिवशी तिनं वळून बघितलं असतं तर त्यानं बहुतेक ऐकलं असतं. तो तिची वाट बघत होता, हे तिला तेव्हाही माहीत होतं. तिनं पट्टा परत खुंटीला लावला, डोक्याला रुमाल बांधला आणि फाटकापाशी गेली.

“चल,” ती म्हणाली. “दाराला कडी मी घातलीये.”

कातडीची डॉक्टर साठीची, जाड भिंगाच्या चष्म्याची बाई होती. तिनं हात हातात घेतला, पालथा केला, उताणा केला. “काय बघू?”

“डाग आहे, डॉक्टरबाई.”

“मला तर सगळा हातच डाग दिसतोय. जूनमध्ये?”

“मुरंबा केला,” तुदोसिया सवयीनं म्हणाली. स्नेझाना खोकली. तुदोसियानं खाली मान घातली. “नाही केला. डाग दिसू नये म्हणून लावलं.”

डॉक्टरनं चष्म्यावरून बघितलं. “वीस वर्षं इथं आहे मी. डाग झाकायला पावडर लावून आलेल्या बघितल्या, कुंकवासारखी लाली लावून आलेल्या बघितल्या. हे नवीन आहे.” तिनं एक लहान पातं घेतलं. “दुखणार नाही. घट्ट्याची मेलेली कातडी तेवढी काढते. तुमचा अक्रोड वरवरच असतो, तो निघेल. डाग अक्रोडाचा असेल तर तोही निघेल.”

सुरी बघून तुदोसियाला डोळे मिटायचे होते. पण मुलगी शेजारी उभी राहून बघत होती, म्हणून तीही बघत राहिली. पातळ पापुद्रे निघत होते, काळे, मग तपकिरी, मग फिके. अंगठ्याखाली स्वच्छ गुलाबी कातडीचं एक वर्तुळ उघडं पडलं, आणि त्याच्या मधोमध तो होता. एक कण हललेला नव्हता.

“हा खालून आलाय,” डॉक्टर म्हणाली. भिंग लावून बराच वेळ बघत राहिली. “हा काढून तपासायला पाठवायचा. लवकर.”

“कापलं की पसरतं म्हणतात.”

“पसरल्यावर लोक कापायला येतात, म्हणून तसं वाटतं. कुणी सांगितलं?”

“मीच,” तुदोसिया म्हणाली. “मीच सांगत होते सगळ्यांना.”

तिनं सही केली. काळ्या बोटांचे ठसे कागदावर उमटले नाहीत, अक्रोडाचा रस एकदा बसला की उतरत नाही, पण तिनं तरीही कागद जपून धरला.

तो डाग वाईटच निघाला. राजधानीच्या दवाखान्यात तो आजूबाजूच्या कातडीसकट काढला आणि तिथं मांडीची कातडी आणून लावली. स्नेझानानं दहा दिवसांचा महिना केला. बेप्पीकाकांनी मुलाकरवी निरोप पाठवला की आईचं झाल्याशिवाय येऊ नकोस, पण मुरंबा विसरू नकोस. रिपोर्ट आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून खोल गेलेला नव्हता, आणखी एक अक्रोडांचा हंगाम गेला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. पुढचं कुणी लिहून दिलेलं नाही, आणि तुदोसियानं मागितलंही नाही.

सप्टेंबरात ती शेडमध्ये परतली. अंगठा पूर्वीसारखा वळत नाही, त्यामुळे दहातली सातच फुलपाखरं निघतात. तुटलेली तीन खाऊन खाऊन वजन वाढलंय, असं ती स्वतःच सांगते. हात पुन्हा काळे झाले. पण मांडीची कातडी तिथं नवखी, तिच्यावर रस टिकेना. चार दिवसांत तो तुकडा गोरा व्हायचा. बायका म्हणायच्या, तुदोसे, तुझी मांडी आळशी निघाली. ती म्हणायची, बरं झालं, मालकिणीवर गेली नाही.

एफिमिया मात्र त्या थट्टेत नसायची. मुरंब्याच्या रविवारपासून ती जरा दबूनच होती. शेजारच्या ठोकळ्यावर बसून ठोके देत राहायची.

डिसेंबरात, संत निकोलाच्या आदल्या दिवशी दुपारी, काम संपवून बायका घरी गेल्या. सगळ्यांचे हात उजळले होते. तुदोसिया कवचं गोळा करत होती. एफिमिया उठली नाही. मग तिनं एक बूट काढला, लोकरी मोजा काढला आणि पाय ठोकळ्यावर ठेवला.

“तुदोसे, इकडं ये जरा,” ती खाली बघत म्हणाली. “पायाला अक्रोड लागतो का गं?”

टाचेच्या वरच्या बाजूला काहीतरी काळपट होतं. तुदोसियानं फावडं भिंतीला टेकवलं, खिशातून चष्मा काढून लावला आणि एफिमियासमोर गुडघ्यांवर बसली. टाच हातात घेतली. अंगठ्यानं चोळून बघितलं नाही.

“मला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली. “काही नसेलही. बस सहाला आहे. मी तुझ्या फाटकाशी उभी राहते.”